एका पेशीतली वेल

२२ एप्रिल, मंगळवार

आज आप्पा दिंडोरीहून प्रयोगशाळेत आले. आजोबांनी लावलेली काळ्या द्राक्षांची वेल मुळं कुजून वाळत चाललीय आणि तिची कलमंही जगत नाहीत. म्हणून नोव्हेंबरात मी तिच्या फुलातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायला घेतल्या आणि एका सुट्या पेशीभोवती बशीच्या तळाला बाहेरून निळ्या पेनने गोल काढून ठेवला. त्या गोलात आज सूक्ष्मदर्शकाखाली चक्क गर्भ दिसला. वर दोन इवली पानं, खाली मुळाचं टोक. बी नाही, फळ नाही, तरी बीमध्ये असतो तसाच.

आप्पा बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "मूळ कुठं अन् पान कुठं, हे तिला कोन सांगतं?"

खरंच, कोण? मी तर फक्त पेशी वाढवणारं औषध काढून घेतलं. ते होतं तोवर नुसताच गोळा वाढत होता. मग एकटीला हे सुचलं कसं? तो निळा गोल काही डोळ्यांपुढून हलत नाही.

"द्राक्षं तशीच येतील ना?" आप्पांनी विचारलं.

"सांगता येत नाही. कधी कधी बदलतात."

मला वाटलं, हिरमुसतील. पण ते म्हणाले, "मग तर लावून बघायलाच पायजे."