टायरला पाडलेली भोकं

बाबा, मी अजून चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आता चिडून काय फायदा, असं आई म्हणते. पण आज रविवार, दुपारभर कात्रीने फोमच्या कडा कापत बसले होते आणि कापता कापता डोकं असं तापलं की कात्री बाजूला फेकली नि वही ओढली. कुठे पाठवायचं ते माहीत नाही. पण आज तुम्हाला ऐकवल्याशिवाय सोडणार नाही.

दर्यापूर रोडवरचं तुमचं पंक्चरचं दुकान. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, सगळं तुमच्या दारात. टायरच्या बाजूवर अंगठा दाबून तुम्ही सांगायचात की हा ट्रक कपाशी भरून आलाय की रिकामा. लोक मान डोलवायचे. आणि मी? मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीत. "पोरीचे हात काये होतात, घरी जाय." दादाला टायरचा वासही सहन होत नव्हता, त्याला बखोट धरून बसवायचात. मला हात काळे झाले तरी आवडायचं, तर मला हाकलायचात. काय अक्कल म्हणायची ही, बाबा? मी रस्त्यापलीकडे उभी राहून जे शिकले तेवढंच शिकले.

मग अमरावतीला इंजिनिअरिंगला गेले आणि रिमोटच्या गाड्यांच्या नादाला लागले. खेळण्यातल्या नव्हे, शर्यतीच्या. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये कार्पेट अंथरून, लाकडी उतार मांडून शर्यत लावायचे. त्या गाडीच्या टायरात हवा भरत नाहीत, आत फोमचं कडं असतं. हे सांगितलं तेव्हा तुम्ही दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर खो खो हसलात. "हवा नाही, ट्यूब नाही, अन् म्हने टायर! गादी हाय ते, गादी." मी हसले नाही. कारण ती गादी निवडायला माझे दोन महिने गेले होते. कार्पेटवर पकड आधीच खूप असते. आतला फोम फार मऊ घेतला तर वळणावर टायर दुमडतो, गाडी पलटी खाते. फार कडक घेतला तर रबर दबतच नाही, गाडी घसरत जाते. मेसच्या खर्चाला कात्री लावून तीन प्रकारचे फोम मागवले. प्रत्येक टायरात भरून, चिकटवून, पळवून, पुन्हा फाडून बघितले. शेवटी मधला फोम, कडा गोल कापलेल्या, आणि बाहेर बारीक उंचवट्यांचं मऊ रबर, असं ठरलं. फायनलसाठी नवा संच चिकटवला आणि आदल्या दिवशी तो घेऊन अकोल्याला घरी आले. तुम्हाला दाखवायला आले होते, दुसरं काय! जिंकणाऱ्याला कॉलेज पुण्याच्या स्पर्धेला पाठवणार होतं. सोळा पोरांत मी एकटी मुलगी.

सकाळी मी उठायच्या आतच तुम्ही माझा टायरांचा डबा उघडलात. हे सगळं आईने मागाहून सांगितलं. चारही टायरांना बारीक भोकं दिसली. पंक्चरवाल्याला भोक दिसल्यावर काय करणार तो! दुकानातलं घमेलं पाण्याने भरून आणलं, एकेक टायर बुडवला, दाबला. बुडबुडे आले. झालं, तुमची खात्री पटली. फोम पिळून पाणी काढलंत, हवा मारून वाळवलंत, कानशीने घासून, सोल्युशन लावून, नखाएवढे रबराचे तुकडे बसवलेत. वरून पॉलिश केल्यासारखं काळं केलंत, म्हणजे मला कळू नये. "जिंकली की सांगतो तिले," असं आईला म्हणालात. आणि इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत अमरावतीच्या बसमध्ये बसलात.

आता ऐका. ती भोकं मी पाडली होती. सुई तापवून, समोरासमोर दोन-दोन. गाडी उतारावरून उडून खाली आली की टायर दबतो, आतली हवा त्या भोकातून बाहेर जाते, मग फोम आपलं काम करतो. भोक बुजवलं की हवा आत कोंडते आणि टायर चेंडूसारखा उसळतो. माझी गाडी उसळली. पहिल्या फेरीत पलटी, दुसऱ्या फेरीत पलटी, तिसऱ्यात भिंतीवर. मी टायर उचलून दाबला आणि अंगठ्याखाली तुमचा तुकडा लागला. तुम्ही धावत आलात, तोंडावर काळजी, पण डोळ्यात कौतुकही होतं. "चारी पंक्चर होते ना तुहे. सकायीच काढले म्या. तरी काहून उसळून राहिली?"

"तुमाले पंक्चरशिवाय दुसरं काही दिसते का?" मी ओरडले. सगळ्या हॉलसमोर. "कोनं सांगतलं होतं हात लावाले? जा, दुकानात जाऊन बसा!" तुम्ही "बरं" म्हणालात. एवढंच. एकटेच बस पकडून गेलात. एक थोबाडीत मारायची होती ना मला! उलटून बोलायचं होतं! सहा महिने मी घरी येत होते, जात होते, तुम्ही विचारायचात जेवली का, पैसे हायेत का. त्या टायरांचं नाव काढलं नाहीत. आणि मग एका दुपारी दुकानातच छातीला हात लावून खाली बसलात. भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून निघून गेलात. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आई, दादा, मावशी, सगळ्यांना मी एकच सांगत आले: बाबांनी न विचारता हात लावला. विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगितलं असतं. आईला ते इतकं पटलंय की तुमच्या पुण्यतिथीला स्वयंपाक करतानाही ती पुटपुटते, "पोरीले एका शब्दानं इचारलं असतं त."

तुम्ही विचारलं होतं, बाबा. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी ओट्याशी पोहे खात होते, आई शेजारी गेली होती. तुम्ही टायर उजेडात धरून म्हणालात, "ह्याले भोकं कायचे गं?" आणि मी मान वर न करता म्हटलं, "राहू द्या, तुमाले नाही समजनार."

आई आता आतल्या खोलीत बसली आहे, जागी आहे. वही घेऊन चार पावलं गेलं तर तिला हे वाचून दाखवता येईल. माझी हिंमत होत नाही.