आसगावचा मावसभाऊ

बाबा,

आसगावचं जमलं. म्हणजे माझं लग्न जमलं. तुमच्यामुळे मोडता मोडता जमलं, म्हणून सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मामा पान खायला गेलाय, पवनीच्या स्टँडवर भंडाऱ्याची बस कधी लागेल ते कंट्रोलरलाही ठाऊक नाही, आणि पिशवीत कोरे कागद आहेत. तुम्ही गेलात तेव्हा मी हाफ पॅन्टीत होतो. आता मिशा आहेत, धंदा मात्र धड एक नाही. सातवीनंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर मायचं आणि गुरुजींचं अजून एकमत झालेलं नाही. भंडाऱ्यात पितळी भांड्यांना पॉलिश केलं, ट्रकवर क्लीनर होतो, एक हंगाम नाटकाच्या कंपनीत पडदा ओढला. पडदा ओढायचं सोडून नाटकच पाहत बसायचो. एकदा राजा मेला तरी पडदा पडेना, शेवटी राजाच उठला, मुकुट काखेत मारला आणि आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मीही निघालो. पण ते जाऊ द्या, आसगावचं सांगत होतो.

तुम्हाला ती मंडई आठवत असेलच. दिवाळी झाली की आपल्याकडे आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई त्या गावात घरोघर पाहुणे, आणि दारात आलेल्याला ‘तुम्ही कोण’ असं कोणी विचारत नाही. विचारलं तर विचारणाऱ्याचीच लाज जाते. मी सायकलच्या दांडीवर बसलोय, मागे कॅरिअरला विकायच्या भांड्यांचं पोतं, आणि खड्डा आला की सगळी गंजं, गुंड, लोटे एकदम बोलतात. करडीहून निघून, वाटेतली गावं घेत, अड्याळला मुक्काम करून आपण आसगावला पोचतो. तिथं तुमच्या आत्याकडे, फुप्याच्या घरी जायचं. फुप्याचं घर तुम्ही कधी पाहिलेलं नाही. चिंचेसमोरचं घर, एवढीच खूण. गावात चिंचा दोन. आपण पहिलीलाच थांबलो.

“या, या, या! कोन्या गावावरून?”

“करडी.”

घरमालकाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपण काहीतरी बक्षीस घेऊन आलो. “करडी? मावशीचा पोरगा तं नोहे?”

तेवढ्यात कोणीतरी पाणी आणि गूळ पुढे केला होता आणि तुमच्या तोंडात खडा होता. तुम्ही मान हलवली. ती मान ‘थांबा, सांगतो’ अशी हलली होती, असं मी आजही शपथेवर सांगेन. पण त्यांनी ती ‘हो’ अशी धरली आणि आत हाक मारली, “अवो, मावशीचा पोरगा आला! कोंबडा धरा!”

कोंबडा धरा म्हटल्यावर कोण तोंड उघडणार?

जेवताना आपल्याला हळूहळू कळत गेलं, आपण कोण ते. त्यांची मावशी करडीला दिलेली, ती लवकर गेली, तिच्या मुलाला लहानपणीच कोणी रायपूरकडे घेऊन गेलं आणि इकडे त्याला कोणीच पाहिलं नव्हतं. तुम्ही दर घासाला ‘हो ना जी’ म्हणत होता. मावशीची आठवण काढून ते रडले तेव्हा तुम्हीही डोळे पुसले. मला वाटलं, रस्सा तिखट आहे. संध्याकाळी मंडईत, जिलेबीच्या दुकानासमोर, खरा फुपा भेटला. “काहून बे, घरी नाई आला? थे सकाळपासून वडे तळून वाट पाहून राहिली.” तुम्ही ‘येतो ना जी, येतो’ म्हणत त्याला वाटेला लावलं आणि माझ्यासमोर उकिडवे बसलात.

“चूप राहाजो. आता सांगतलं तं त्या मानसाचं तोंड कसं होईन? भाऊ भेटला म्हनून नाचून राहिला थो.”

“मंग आपन खरे कोन होवो?” मी विचारलं.

“दोन दिवस मावसभाऊ,” तुम्ही म्हणालात. “मंग भांडेवाले.”

दोन दिवस आपण दोन्ही चिंचांखाली जेवलो. माझं पोट असं दुखलं की सायकलवर मला आडवं टाकून न्यावं लागलं. निघताना तुम्ही पोत्यातला सगळ्यात मोठा, चकाकणारा पाण्याचा गुंड काढून त्या घरात ठेवलात, आणि घरी येऊन ते मायला सांगायचा शहाणपणाही केलात. माय चुलीपुढे होती, हातात फुंकणी. “परक्याच्या घरी खाल्लं थे खाल्लं, वरून गुंड देऊन आले? कोन्या नात्यानं?” तुम्ही हळूच म्हणालात, “मावसभावाच्या.” फुंकणी तुमच्या कानाजवळून गेली आणि दारातल्या कोंबड्या उडाल्या. त्यानंतर तुम्ही आसगावच्या बाजूचा धंदाच सोडला. लोक म्हणायचे तिकडचा रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता.

यंदा मामानं स्थळ आणलं ते आसगावचं. मायनं आधी एकच विचारलं, “घर चिंचेजवळ हाये का?” मामा म्हणाला, “चिंच कायची? तिथं पिठाची चक्की हाये.” माय निर्धास्त झाली, मीही झालो. चिंच तोडून चक्की बसवली असेल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तर आज आम्ही गेलो. पोहे आले, पोह्यांमागून ती आली. मामानं नेहमीचं विचारलं, “स्वयंपाक येते का?” ती म्हणाली, “येते. अन् यांले काय येते?” मामा खोकला. माझ्याबद्दल काय सांगावं हे त्याला सुचेना, म्हणून मीच म्हणालो, “पडदा ओढता येते.” आणि राजाची गोष्ट सांगितली. ती पदरात तोंड घालून हसली, आणि पदरातून आवाज बाहेर आला. बाबा, मी गावं खूप पाहिली, प्रत्येक गाव मला निघायच्या दिवशीच आवडतं. त्या ओसरीवर बसल्यावर कुठंतरी राहावं असं मला पहिल्यांदा वाटलं.

मग तिच्या बाबांनी विचारलं, “तुहा बाप काय करे?”

“सायकलवर भांडे विकत. करडीवरून.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “उंच? तोंडावर हात ठेवून हसे?”

“हो जी.”

ते उठले आणि त्यांनी मला मिठीच मारली. मला श्वास घेता येईना. “अवो, बाहेर या! हा तं माह्या मावसभावाचा पोरगा होये! आपला पोरगा होये हा!” पाठीवर थापा पडत होत्या, सगळे हसत होते. मग मामाचा पोह्यांचा हात मध्येच थांबला. मग त्यांचाही हात माझ्या पाठीवर थांबला. ते खाली बसले आणि म्हणाले, “म्हंजे... बहीण-भाऊ झाले ना जी हे.”

ती उठली, रिकाम्या बशा गोळा केल्या, माझी भरलेली पण घेतली, आणि आत गेली.

मी गप्प राहिलो असतो तर तुम्ही त्या घरात कायमचे भाऊ राहिला असता. बोललो तर खोट्या नात्यानं कोंबडा खाऊन गेलेला माणूस. मामा मांडीला चिमटे काढत होता, तो बोल म्हणत होता की चूप राहा, ते कळेना. आतून बशा ठेवल्याचा आवाज आला, जरा जास्तच जोरात. आणि मी बोललो. दोन चिंचा, गुळाचा खडा, फुपा, जिलेबी, सगळं. फक्त फुंकणीचं नाही सांगितलं, ते मायच्या अब्रूचं होतं.

त्यांनी विचारलं, “म्हंजे थो आमचा कोनीच नोता?”

“नाही जी.”

“अन् मी त्याच्यासाठी वैनगंगेवर जाऊन केस देल्ले?”

तुम्ही गेल्याची बातमी त्यांना फार उशिरा, अड्याळच्या बाजारात एका भांडेवाल्याकडून लागली होती. “म्हटलं, मावशीच्या मागं हा एकच. याचं पोरगं लहान. देऊन टाकू आपन. सुतक पाळलं ना बे आमी! दिवाळी नाई केली!”

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, “म्हंजे त्या वर्षीचा माहा फ्राक यांच्या बाबापाई गेला! किती रडली होती मी!”

तिच्या बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथं आता फिरवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. “अन् थे केस मंग पयल्यासारखे आलेच नाई,” ते म्हणाले, अगदी दुःखानं. आत तिचं हसू फुटलं. मग मामा, मग तेही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या छातीवरून कोणीतरी भांड्यांचं पोतं उतरवल्यासारखं झालं. “मानूस लय चांगला होता गा,” ते हसता हसता म्हणाले. “भाऊ नोता तं नोता. आता व्याही होते म्हना.” आणि मामाला, “तारीख पाहा.”

“पयले फ्राक,” दाराआडून.

मामा येतोय, बस लागली वाटतं, लोक धावतायत. घरी गेल्यावर मायला तोंडानं सांगेन, तिचं हसू पाहायचंय. हा कागद मात्र मी कुणाला दाखवणार नाही, मामानं वाचला तर पुढचं त्याला कळेल. तिच्या बाबांनी मिठी मारून ‘आपला’ म्हटलं, तेव्हा मी लगेच बोललो नाही. मामा म्हणतो, घाबरला होतास. नाही बाबा. तुम्हाला भाऊ नव्हता, मला काका नाही. त्यांच्या सदऱ्याला पिठाचा वास येत होता आणि ते मला सोडत नव्हते. मुलगी हातची जात होती तरी, थोडा वेळ, मीच बोलायचं लांबवत होतो.