वीट आणि दोन चमचे

११ जाने. ९७
सकाळी तम्मा आला मुरगुडाहून, दुधाच्या गाडीतनं. दारातनंच ओरडला, "अक्का, पाय दे दुरुस्त करून." जसं काय सायकलच आणलीय. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, पण इथं आला की मांडीवर पाय टाकून मोकळा. टाचेपासनं पोटरीपर्यंत ओढ लागते म्हणे. उसाच्या लागणीत दिवसभर उभा, दुसरं काय होणार.
बंबाखालच्या निखाऱ्यात वीट तापवली. रुईची पानं, वर जुन्या लुगड्याचं फडकं. तळपायाला लावली.
"पोळतंय काय रं?"
"कुठलं. अजून तापीव की."
तापवली. माझ्या हाताला फडक्यातनं चटका बसत होता आणि हा चक्क घोरायला लागला. शेजारची हौसा बघत होती. तिला म्हटलं, बघ, आमच्या माहेरची रीत. आई म्हणायची, सोसंल तेवढाच शेक लागतो. आमचा तम्मा लोखंडाचा.

१२ जाने.
उठला तर डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड. बोटांखाली आणखी एक. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, "न्हाय की. गेलं वरीसभर पायाखाली कापूस हातरल्यागत वाटतंय." हसला. मीपण हसले. कोरफड लावली, गाडीत बसवला. बेसनाचे लाडू बांधून दिले. त्याला गोडाचं फार.

२० फेब्रु. ९७
तम्माची दोन बोटं काढली. डाव्या पायाची. बोटांखालचा फोड चिघळला.
साखर निघाली. कधीपासनं होती कुणाला ठाऊक. दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, ह्या पायाला जाणीवच नव्हती, ह्यांना पोळलेलं कळतच नव्हतं. म्हणजे तो सोसत नव्हता. त्याला कळत नव्हतं. आणि मी हौसाला कौतुक सांगत बसले.
बाहेर मल्लू उभा. तम्माचा थोरला. लहानपणी ह्याचा पाय मुरगळला की आत्ती आत्ती करत माझ्याकडंच यायचा. माझ्याकडं न बघता बोलला, "आत्ती, तुझा शेक पुरं झाला. बघायचं ते बघून घे. परत आमच्या दाराला येऊ नको."
आत गेले. तम्मा भिंतीकडं तोंड करून. झोपला होता का ऐकत होता, कळलं नाही. पायाला हात लावायला गेले आणि हात मागं घेतला.

९ मार्च
कोपऱ्यावरची भाजीवाली आली, कंबर धरलीय. म्हटलं, मी आता शेक देत नाही. "का वो मावशी?" हाताचा गुण गेला म्हटलं. वीट न्हाणीच्या मागं ठेवलीय. फेकवत नाही.

५ नोव्हें. ९७
दिवाळी झाली. भाऊबीजेला ताट केलं, निरांजन लावलं. कुणाला ओवाळायचं? दुपारपर्यंत दार उघडंच ठेवलं. मग निरांजन आपसूक विझलं. लाडू केलेच नाहीत ह्या वर्षी.

१४ जाने. ९८
संक्रांत. तिळगूळ तरी कसा पाठवायचा, साखरेच्या माणसाला. नुसते तीळ पुरचुंडीत बांधून दुधाच्या गाडीवाल्याकडं दिले. पोचले का विचारलं तर म्हणाला, "दिलं की घरात." कुणाच्या हातात दिले ते सांगितलं नाही.
आज सारखं आठवतंय. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची, हा सहाचा. रात्रंदिवस कान दुखायचा त्याचा. मी कंदिलाच्या काचेवर फडकं धरायचे, आपल्या गालाला लावून बघायचे, मग त्याच्या कानाला. माझा पहिला शेक तो. तेव्हा आपल्या गालाला लावून बघत होते. मग कधी सोडलं ते?

२३ जून ९९
नळावर पाय घसरला. घोटा टम्म. सवयीनं मिठाची पुरचुंडी तापवली, शेकलं. संध्याकाळी पाय पायलीएवढा. हौसानं रिक्षात घातलं, राजारामपुरीत फिजिओथेरपीच्या बाईंकडं. पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण रागवायला सासू.
"आजी, ताज्या सुजेला शेक? चुलीत आणखी लाकडं घालताय होय?"
बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनटं, मग काढायचा. दिवसातनं चार-पाचदा. पहिले दोन-तीन दिवस गार. सूज बसली, ठणका गेला, की मग गरम. जुनाट आखडलेल्या दुखण्याला गरम चांगलं. सगळं वहीत लिहून घेतलं.

२६ जून
परत गेले. सूज उतरलीय. उठताना हळूच विचारलं, "बाई, ज्याच्या पायाला चटकाच कळत नाही, त्याला?"
"त्याला शेक नाही. बर्फही नाही. आधी गार-गरम कळतं का तपासायचं." दोन नळ्या काढल्या, एकीत गार पाणी, एकीत कोमट. डोळे मिटायला लावले. घोट्याला लावून, "हे काय? हे काय?" मी बरोबर सांगितलं.
एवढंच करायचं होतं. एवढंच.
बाईंनी पाण्याचा पेला दिला. गुणाची पोर.

१५ ऑग. ९९
हौसाच्या नवऱ्याची मान आखडली, आठवड्यापासनं. तो ऐकेना. शेवटी बसवलं. नळ्या कुठल्या आपल्याकडं; दोन चमचे घेतले, एक माठात बुडवला, एक कोमट पाण्यात. डोळे मिटायला लावले. तो म्हणतो, "शेक देतीस का चमच्यानं औषध पाजतीस?" बरोबर सांगितलं त्यानं. मग मिठाची पुरचुंडी, आधी माझ्या गालाला, मग त्याच्या मानेला. दर मिनटाला, "पोळतंय?" वैतागला. वैतागू दे.

८ डिसें. ९९
तालमीतला एक पैलवान गुडघा धरून आला, कालच पिरगळलाय. सोडावाल्याकडनं बर्फ आणवला. "आज्जे, शेकायला आलो तर मला पन्ह्यात घालतीस व्हय?" सगळी गल्ली हसली. दोन दिवसांनी चालत आला, हातात केळीचा घड.

१७ सप्टें. ०१
भाजीवालीच्या दिराला चमचे ओळखता येईनात. दोन्ही 'असंच काहीतरी' म्हणाला. शेक दिला नाही. रक्त तपासून ये म्हटलं. चिडून गेला. आज आला, साखर निघाली. पाया पडला. चमच्यांनी सापडलेला हा तिसरा.
तीन पाय वाचले म्हणायचे. पण हिशेब असा फिटत नाही. त्या एका पायाचं काय.

४ फेब्रु. ०२
सुमन आली! मल्लूची बायको. मनगट मुरगळलं म्हणून. बर्फ लावता लावता सगळं विचारून घेतलं. तम्मा काठी घेऊन चालतो म्हणे. गोड सोडलंय. दुपारभर दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसतो, कोल्हापूरची गाडी आली की कोण उतरतंय बघतो.
"आत्ती, मागं एकदा अप्पा मला म्हणाले, अक्काची वीट हाय का गं अजून?"
"तू काय म्हणालीस?"
"मला काय ठावं? ह्यांच्यासमोर तुमचं नाव काढायची सोय न्हाय."
वीट आहे म्हणून सांग म्हटलं. मग म्हटलं, नको सांगू. मग ती जाताना रिक्षापर्यंत पळत गेले, सांग म्हणून.

२ मे ०३
हौसाकडं माझा फोन आला दुपारी. हॅलो हॅलो केलं. कुणी बोलेना. मागं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. म्हटलं, "तम्मा?" श्वास ऐकू आला. "तम्मा, जेवलास काय रं?" तिकडनं फोन ठेवला.
त्याचाच. दुसरा कोण म्हशीजवळ उभा राहून मला फोन करील.

१० नोव्हें. ०४
आज मल्लू आला. सात वर्षं नऊ महिन्यांनी. एका अंगानं वाकडा, दुधाचा कॅन उचलताना कंबर धरली, पंधरा दिवस झाले. दोन डॉक्टर केले. उंबऱ्याबाहेर उभा. मी म्हटलं, आत ये, पाट घे. बसला.
मी चमचे काढले. आधी पायाला, मग कमरेला. डोळे मिट म्हटलं. मिटले. गार. गरम. गरम. गार. सगळं बरोबर. पुरचुंडी गालाला लावून बघितली. तो बघत होता.
"आत्ती, हे तवा केलं असतंस तर."
"तवा ठावं न्हवतं, बाळा."
पोळतंय का, एवढंच मी विचारत राहिले आणि तो न्हाय, न्हाय म्हणत राहिला. शेवटी "आता जरा पोळतंय" म्हणाला. मला एवढं बरं वाटलं.
चप्पल घालताना बोलला, "अप्पांचा खांदा धरलाय. दोन म्हैनं. हात वर जात न्हाय. शेक मागत्यात. तुझाच."
"मग?"
"बघतो. सोमवारी दुधाच्या गाडीवाल्याकडं सांगावा धाडतो."

१८ नोव्हें.
सोमवार गेला. गाडीवाला आला, दूध उतरवलं, गेला. मी दारातच होते. मंगळवार, बुधवारही तेच.
पिशवी भरून ठेवलीय. जाड टॉवेल, मीठ, दोन चमचे. वीट नाही. खांद्याची कातडी पायासारखी नसेल, कळत असेल त्याला. कळत असू दे. "पोळतंय" म्हणू दे एकदा मला. बाकी कायसुद्धा मागणं नाही.

१९ नोव्हें.
दुपारी बसल्या बसल्या चमचे माझ्याच पायाला लावून बघितले. डोळे मिटून. गार लगेच कळलं. गरम कळायला जरा वेळ लागला. परत लावला. परत वेळ लागला.
सोमवारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासायचं. हौसाला बोलले नाही.
पण तोवर सांगाव्याची वाट बघत बसायला मी काय विशीतली आहे? उद्या सकाळी सातची मुरगूड गाडी. मल्लूनं दाराला येऊ नको म्हटलंय. कट्ट्याचं काही बोलला नव्हता.