हवेत राहिलेला गोळा

सिस्टर, आज गोळा हवेत राहिला. तुम्ही म्हणाला होतात, राहणार नाही.

आठवतं? नगरच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन, काष्टीहून बोर्डिंगला आलेली मी, खिळ्याभोवती गुंडाळलेली तार. तारेत वीज सोडून त्या चुंबकाखाली लोखंडी गोळी कशालाही न टेकवता तरंगत ठेवायची होती. गोळी एक तर खाली पडायची, नाही तर टक्कन चिकटायची. तुम्ही दारात उभ्या आहात, हात कमरेवर. "सिली गर्ल, चुंबक धरतो नाही तर सोडतो. मधलं काही नसतं. दोरा बांध." मी रडले, तेव्हा कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात नेऊन केकच्या करपलेल्या कडा दिल्यात आणि वर तांब्याच्या तारेचं नवं रीळ. "रडून झालं की परत करून बघ."

पॉलिटेक्निकात शिकवता शिकवता निवृत्ती जवळ आली, तेव्हा मी ह्याच तरंगत्या गोळ्यावर पीएच.डी.ला बसले. "आता कशाला?" घरचे म्हणाले. आज तोंडी परीक्षा होती. गोळा पडला असता, तर इतक्या वर्षांचं काम तिथेच पडलं असतं.

तुमचं बरोबर होतं, सिस्टर. प्रवाह एकसारखा ठेवला तर मधलं काही नसतं. म्हणून मी तो क्षणोक्षणी बदलते. गोळा किती सरकला ते प्रकाशाचा किरण सांगतो, किती प्रवाह द्यायचा ते संगणक ठरवतो. आधी मी गोळ्याला तसूभरही हलू द्यायचं नाही असं गणित मांडलं होतं, तर गुंडाळी तापून वास सुटायचा आणि गोळा थरथरायचा. मग सरकणं आणि विजेचा खर्च, दोन्हींची मिळून किंमत कमीत कमी व्हावी असं मांडलं. थोडं डुलू दिलं, तसा तो शांत झाला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी न विचारता गोळ्याला पेनाने ढकललं. घरी आमचा खंडोबा, पण माझ्या ओठांवर आली ती तुमची 'हेल मेरी'ची प्रार्थना! गोळा झुकला, सावरला, स्थिर झाला. लॅबमधल्या मावशी ओरडल्या, "मॅडम, लई भारी! पडंना की ओ!"

"'पडंना', हे निष्कर्षात लिहा," परीक्षक हसत म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर."

आता सगळे गेलेत. मावशी दारात किल्ल्या वाजवतायत, "चला की मॅडम, गोळा काय घरी न्यायचा हाय व्हय?" बंद करताना खाली तळवा धरायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम. तुम्ही तर कधीच गेलात, हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. डावा हात केव्हाचा गोळ्याखाली धरलाय, उजव्याने हे लिहितेय. बटण काही दाबवत नाही.