जाड नळ्या

सोमवार, १४ मार्च

अहो,

नमस्कार. मी मजेत आहे. तुम्ही नसाल, म्हणून तुमची खुशाली विचारत नाही.

इकडे सगळं ठीक. वर्कशॉपवर नवे पत्रे घातले, वेल्डिंगचं मशीनही बदललं. सासूबाईंचा गुडघा पुन्हा धरलाय, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुमचं नाव निघालं की अजून भांडी आपटतात.

ऐकलं की काल शर्यतीनंतर तुम्ही कार्ब्युरेटर उघडून बसला होतात आणि मेकॅनिकच्या सात पिढ्या उद्धारत होतात. नका हो त्या बिचाऱ्याला छळू! कार्ब्युरेटरला काही धाड भरलेली नाही. गिअरबॉक्सही खोलू नका. दोष इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या त्या चार नळ्यांत आहे. मी केलेल्या.

तुम्ही नोकराबरोबर निरोप धाडलात, 'नळ्या चांगल्या जाडजूड कर. इंजिन मोकळं झालं पाहिजे, आवाज दरीपलीकडे गेला पाहिजे.' लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. जेवढी नळी जाड तेवढी म्हणे ताकद! माझ्या वडिलांनी तुम्हाला समजावलं, मी समजावलं. धूर नुसता बाहेर जाऊन भागत नाही, तो वेगात जावा लागतो. एका सिलिंडरचा धूर जोरात सुटला की मागे ओढ तयार होते, ती उरलासुरला धूर खेचून नेते, आणि मग इंजिन ताजी हवा पोटभर घेतं. नळी नको इतकी जाड केली की धूर रेंगाळतो. इंजिन जोरात फिरत असेल तोवर गाडी पळते, जरा हळू झाली की तिच्यात जीव राहत नाही. यावर तुमचं उत्तर ठरलेलं, 'बाईमाणसानं वेल्डिंग करावं, अक्कल शिकवू नये.'

नाही शिकवली. नळ्यांत वाळू ठासून, तापवून, एक सुरकुती न पडू देता वाकवल्या. कामात खोट काढून दाखवा! तुम्ही कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर गाडी पळवलीत आणि 'एकदम झकास' असं कळवलंत. सरळ रस्त्यावर झकासच असणार. घाटात प्रत्येक वळणाला वेग मोडतो, हे शर्यतवाल्या माणसाला मी सांगायचं?

काल तिसऱ्या वळणाच्या कठड्यावर बसून मी सगळं पाहिलं. तुम्ही वळलात, पाय दाबलात, आणि गाडी नुसती गुरगुरली. आवाज मात्र गेला हो दरीपलीकडे! तेवढ्यात मागून भावजी आले आणि तुम्हाला टाकून भुर्रकन पुढे गेले. मला इतकं हसू आलं की शेजारच्या बाईनं विचारलं, तुमच्या घरचं कोणी जिंकलं का.

भावजींची गाडी तुमच्याच जातीची, पण नळ्या बारीक. त्याही मीच केलेल्या. भावजींसाठी नव्हत्या केल्या. तुमचा निरोप यायच्या आधीच तुमच्यासाठी करून ठेवल्या होत्या. टीममधली तुमची जागा या शर्यतीवर ठरणार, हे मला ठाऊक होतं. वाटलं, निदान आता तरी स्वतः याल. आला असतात, एवढंच म्हणाला असतात, 'अगं, हे चालेल ना?', तर त्याच देऊन टाकल्या असत्या. मला टाकून टीमच्या मालकांच्या बहिणीकडे राहायला गेलात, तरीही. इतकी मी वेडी! दुपारभर दाराकडे बघत बसले. जाड नळ्या न्यायला आला तो नोकर, आणि गाडीत मागे त्या बाई. काच खाली करून मला म्हणाल्या, 'आटप गं लवकर.' त्यानंतर मी भावजींना बोलावलं.

काल संध्याकाळी मालक वर्कशॉपवर आले होते. टीममधली जागा भावजींना मिळाली, नळ्यांचं सगळं काम मला. त्यांच्या बहिणीनं तुमच्या बॅगा दाराबाहेर काढल्या, हेही तेच बोलले. हरलेला माणूस त्यांना घरात चालत नाही म्हणे.

आता डोक्याला हात लावून बसू नका. भावजींना गाडी गरम करून द्यायला, चाकं बदलायला, काचा पुसायला माणूस हवाय. मी तुमचं नाव सुचवलं. भावजी कळवळले, 'वहिनी, नको हो. दादाला मेल्याहून मेल्यासारखं होईल.'

मी म्हटलं, होऊ दे.

यायचं असेल तर उद्या सकाळी या. काम मी समजावून सांगेन. मध्ये बोलायचं नाही.

तुमच्या धाकट्या भावाची,
वहिनी