दादाची तंबाखू आणि मिरजेची तारीख

४ फेब्रुवारी ९६, रविवार
पलूसहून आत्ताच साताऱ्याला परत. एसटीत कराडपर्यंत उभी.
दादाचं आता खरंच अवघड आहे. सकाळी चहा बशीत ओतायला गेला, तो सगळा मांडीवर. मी बघितलं म्हणून चिडला, पण ओरडला वैनीवर. गेल्या आठवड्यात विहिरीच्या काठावर पाय चुकला. मोटेच्या जुन्या दगडाला धरलं म्हणून वाचला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, पिकलाय, काढून टाका. गृहस्थांचं एकच, "नगं."
जेवताना पुन्हा विषय काढला. भाचा विलास म्हणाला, "आत्ती, आता तुमीच बघा. आमचं काय ऐकत न्हाईत." तर दादा म्हणतो कसा, "इटलीत लढाईवर असताना पाइपात ओढायचो ती तंबाकू आन. ती मिळाली की मिरजंला येतो." सगळे हसले. मी हसले नाही.
"शब्द दिलास?"
"दिला की, शके. पर म्हास्तरीण बाई, चुलीचा धूर आन तंबाकूचा धूर तुला येगळा कळतोय व्हय?"
शिकेन. बी. ए. ला लॉजिक घेतलं तेव्हाही यानंच विचारलं होतं, ते कशाशी खातात म्हणून. आणि कॉलेजात घातलं होतं तेही यानंच, आख्ख्या भावकीशी भांडून.

७ फेब्रु.
तंबाखूचं माझं ज्ञान: बायका तव्यावर भाजून मशेरी करतात ती, आणि पुरुष चुना लावून तळहातावर मळतात ती. मुख्याध्यापिका असताना मी मशेरी लावून आलेल्या बाईंना फाटकाबाहेर चूळ भरायला लावायचे.
दादाकडून काढता आलं ते एवढंच. डबा गोल, पत्र्याचा. नाव वाचता यायचं नाही. पलटणीतला साहेब द्यायचा. गोड अजिबात नव्हती. "वास गुऱ्हाळाचा. गुळाचा नव्हं हां, चुलवाणाचा." म्हणजे भट्टीचा, धुराचा. हे कामाचं. तिकडून आणलेल्या त्याच पाइपात तो पन्नास वर्षं निपाणीची तंबाखू भरतोय. घरात त्याला कोणी काही बोलत नाही.

१० फेब्रु., शनि.
पुणे, कॅम्प. पाइपच्या तंबाखूचं दुकान विचारत विचारत सापडलं. म्हातारे दुकानदार.
"साहेबांसाठी का, बाईसाहेब?"
"भावासाठी. आणि मला काही येत नाही असं समजून पहिल्यापासून सांगा."
सांगितलं बिचाऱ्यांनी. मुळात तीन घराणी. एक, फळांचा नाहीतर व्हॅनिलाचा वास लावलेली. नवशिके तीच घेतात, कारण शेजाऱ्यांना आवडते. दोन, सोनेरी, साधी, वास न लावलेली. तीन, काळी पानं धुरावर धरून वाळवलेली, ती दुसऱ्यात थोडी मिसळून. ते म्हणाले, पहिलीपासून सुरुवात करा. मी म्हटलं, ज्याच्यासाठी आहे तो नवशिका नाही, मी आहे. तिन्ही घेतल्या. नं. १, २, ३. शिकण्यासाठी एक साधा पाइपही.

११ फेब्रु.
डबे उघडले. नं. १: खोकल्याचं औषध. नं. २: कापलेलं गवत, तळाशी मनुका. चक्क बरा वास. नं. ३: वाटलं खाली कोणी गोवऱ्या पेटवल्या.
पण तिन्ही ओल्या. दमट नव्हे, ओल्या. वजन वाढवायला सांगलीच्या बाजारात हळदीला पाणी मारतात तसला प्रकार असणार. सभ्य दिसत होता माणूस. असो. गच्चीवर चिकवड्या घातल्याच आहेत, शेजारी तीन कागद टाकून पसरली, वरून जुन्या पातळाचं फडकं.

१४ फेब्रु.
तीन दिवसांच्या उन्हात मस्त वाळली. चुरचुर वाजते. डबे भरले.
परीक्षकाला विषय यायला हवा, म्हणून गच्चीवर नं. २ चे चार झुरके घेतले. जीभ भाजली. शेजारच्या कठड्यावरून जोशीबाई, "बाई, काही जळतंय का हो?"
"हो. तंबाखू."
त्या दोरीवरचे कपडे काढून आत गेल्या.

१८ फेब्रु., रवि., पलूस
पडवीत बैठक. नं. १ तोंडात धरली आणि दादा म्हणाला, "ही देवापुढं लाव." नं. २: "वैरण हाय." नं. ३ भरली. पहिला झुरका सावकाश. पार तळापर्यंत ओढली. पाइप दगडावर आपटून राख काढली, चाचपून पुन्हा भरली. तीही संपवली. मग म्हणाला, "न्हाई. ही नव्हं."
"नक्की?"
"नव्हं म्हंजे नव्हं. जवळ बी न्हाई."
निघताना वैनी फाटकापर्यंत आली. "वन्सं, एक बोलू का? जवळ न्हाई ती मानूस दोनदा भरतंय व्हय?"
नं. १ वैनीला देऊन आले, मशेरीला.

२१ फेब्रु.
पुण्याला फोन केला. ओला माल दिलात म्हणून चांगलं सुनावलं. ते म्हणाले, "बाईसाहेब, वाळवली? अहो, ती ओलसरच ठेवायची असते. कोरडी झाली की भराभर जळते, जीभ पोळते. पापड आहे का तो?"
चूक माझी. तसं त्यांना सांगितलं. त्यांचा माल चोख होता. म्हणजे रविवारची चाचणी बाद. ज्या डब्यातला मालच बिघडला, त्याच्या निकालाला काय अर्थ? नं. ३ चे दोन नवे डबे पार्सलनं मागवले. फार सुकली तर ओलसर कशी करायची तेही विचारून घेतलं. विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवतो तसंच काहीसं.

३ मार्च, पलूस
नं. ३, डबा फोडला तशीच, ओलसर. मला खात्री होती.
दोन झुरके, आणि पाइप बाजूला. "छ्या. ही वलीकिच्च हाय. विझतीया सारखी. गेल्या खेपंची ह्याच्यापरास लय बरी हुती."
गेल्या खेपेची तर जवळही नव्हती ना? हे मी बोलले नाही. बत्तीस वर्षं वर्गावर होते. पोर उत्तर लपवतंय हे बाकाखाली न बघता कळतं.
वैनीनं नं. १ तव्यावर भाजली. घरभर केकच्या भट्टीसारखा वास. म्हणे, "वन्सं, दात घासावं का तवा चाटावा?"

१७ मार्च, पलूस
लिहून ठेवण्यासारखा दिवस.
नं. ३ चा दुसरा डबा गच्चीवर पहिल्यासारखाच कडक वाळवून घेतला. मग तीच तंबाखू तीन वेगळ्या डब्यांत भरली, एक पत्र्याचा, एक काचेची बाटली, एक लाकडी. तिन्हींत तेच. दादाला म्हटलं, तीन नवे प्रकार आणलेत, फार लांबून. बाटली: "न्हाई." लाकडी: "जरा जवळ आली, पर न्हाई." पत्र्याचा: "ही तर लयच लांब." आणि प्रत्येक वेळी तळापर्यंत.
"दादा, तिन्ही एकच आहे. पहिल्या दिवशीची."
वैनी तोंडाला पदर लावून आत पळाली. विलास हसायला लागला. दादाही हसला, चोरी पकडलेल्या पोरासारखा. "तुझ्या शाळंतली पोरं कशी जगली गं?"
"हीच ना ती?"
"हीच. पयल्याच झुरक्याला कळलं. ट्रकात, उन्हात डबं पडल्यालं असायचं. उघडलं की असाच चुरा. अशीच कुरकुर वाजायची."
म्हणजे माझ्या चुकीनंच नेम बसला. ओली दिली असती तर आजही शोधत असते.
"मग पहिल्या दिवशी का नाही बोललास?"
हसणं गेलं. "मग मिरज आली नसती का?"
विलासला गोठ्याकडे पाठवलं. मग बोलला. त्यांच्या तुकडीत कुंडलकडचा गणपा होता. गोळा फुटला, दोन्ही डोळ्यांना पट्टी. तंबूत झोपवलेला. दादा रोज जाऊन आपल्या पाइपात हीच तंबाखू पेटवायचा आणि त्याच्या ओठात द्यायचा. "डाक्टर रोज म्हनायचा, व्हईल बरं. गणपा मला म्हनायचा, पट्टी काडली की पयलं तुझं थोबाड बघनार. पट्टी काडली. मी म्होरंच हुतो. तो म्हनला, दिवा लावा की रं. भर दुपार हुती, शके."
वैनीनं हे सगळं पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. दाराला टेकून उभी होती.
दादा शेवटी म्हणाला, "आता मला झुंजूक-मुंजूक का हुईना, दिसतंय. हाय ती नजर बी गेली तर?"
शब्द दिलास, हे मी म्हणू शकत होते. म्हटलं नाही.

२२ मार्च, मिरज
एकटीच गेले. डॉक्टर तरुण, स्पष्ट. उजवा डोळा आधी. भिंग बसवतील. ऑपरेशन साधं. पण मोतीबिंदू फार पिकलाय, आणि त्यामागचा डोळ्याचा पडदा त्यांना तपासता येत नाही. तो चांगला असेल तर चांगलं दिसेल. नसेल तर नाही. "बहुतेक होईल बरं." मी विचारलं, नाही केलं तर? म्हणाले, आहे ते पण जाईल, आणि आत फुटला तर डोळा दुखून काढावा लागेल.
तारीख घेतली, १० एप्रिल. दादाला न विचारता. रद्द करता येते.

२४ मार्च, पलूस
विलासचं मत, "आत्ती, त्यास्नी सांगा शंभर टक्के बरं हुतंय. दुसरं काय सांगू नका." वैनीचंही तेच.
परसात दादा एकटा बसला होता, पाइप विझलेला. जे डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं. पडद्याचंही. न केल्यास काय तेही. आणि म्हटलं, "होईल बरं असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. करून घ्यावं असं मला वाटतं."
दादानं पाइप दगडावर आपटून राख काढली. मळ्यात कोणाचं तरी इंजिन चालू होतं.
"उन्हाळ्यात जखम पिकती म्हंत्यात."
"डॉक्टरांना विचारलं. नाही पिकत."
"सगळं इचारूनच आलीयास तू."
"हो."
"गणपाला समद्यांनी सांगिटलं, व्हईल बरं. मी बी सांगिटलं. रोज." पाइप माझ्या हातात दिला. "तू तेवडी म्हन्ली न्हाईस. कवाची तारीख घेतलीस?"
विलासला अजून वाटतं की तंबाखूच्या शब्दानं काम झालं. वाटू दे.

६ एप्रिल
सातारा. वैनीचा पलूसच्या बूथवरून फोन. "वन्सं, ह्येंनी दाढी क्येली, मामलेदाराकडं निघाल्यागत. पेटी भराय लावली. मिलिटरीचा कोट बी घातलाय पेटीत, ह्या उन्हाचं." मी म्हटलं, राहू दे कोट.
नं. २ चा डबा कपाटात आहे. ओढायची नाही, पण वास आवडतो. साठी उलटून दोन वर्षं झाल्यावर माणसाला स्वतःची एक आवड सापडली, हेही नसे थोडके.

१० एप्रिल, मिरज
सकाळी ऑप. झालं. नंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, भिंग नीट बसलं. पडद्याबद्दल मी विचारलं. "उद्या पट्टी काढल्यावर."
उजव्या डोळ्याला पट्टी. डाव्यानं तसंही त्याला सावल्याच दिसतात. वॉर्डात ओढायची परवानगी नाही, पुढेही महिनाभर नाही. पाइप उशीखाली हवा म्हणाला. दिला.
दुपारी वैनी डबा धुवायला गेली तेव्हा हळूच म्हणाला, "शके, पट्टीखाली लय काळं हाय."
"पट्टी आहे. काळंच असणार."
"परीक्षा घे की माझी."
पर्समधून दोन्ही डबे काढले, नं. २ आणि वाळवलेली नं. ३. एकेक त्याच्या नाकाशी धरला. "ही वैरण." "ही माझी." डबे पाठीमागे बदलून पुन्हा धरले. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा मी दोन्ही वेळा नं. २ च धरली. "दोन्ही बी वैरण. फशिवतीयास." एकदाही खोटं बोलला नाही, एकदाही चुकला नाही. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "बाई, मला बी हुंगवा जरा." त्यांनाही हुंगवलं. त्यांना नं. १ आवडली असती.
मग दादा म्हणाला, "उद्या पट्टी काडली की अशीच इचार. डाक्टरला इचारू दिऊ नगंस. त्यो लय गोड बोलतोय."
सकाळी आठला डॉक्टर येतात. मी त्याच्या समोर उभी राहणार, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड माझ्या हातावर. बोटं किती धरायची ते ठरवून ठेवलंय. इथे लिहीत नाही. वैनी माझ्या खांद्यावरून बघते आहे, आणि तिला वाचता येत नसलं तरी आकडे येतात.