बिशपने गाळलेलं पान

एर्लांगेन,
२२ मार्च १९५९

वसुधावहिनींना श्रीरंगचा नमस्कार.

मायना लिहिताना हात सवयीने 'सौ.' लिहायला गेला. सुधीरला जाऊन दोन महिने झाले, हाताला अजून कळलेलं नाही.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. प्रबंधाच्या कामामुळे उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. तरी आधी प्रबंधाचंच सांगतो.

माझा विषय म्हणजे बाराव्या शतकातला फ्रायसिंगचा बिशप ऑटो. सुधीर त्याला 'तुझे महाराज' म्हणायचा. ११४७ साली हे महाराज धर्मयुद्धाला निघाले तेव्हा सैन्याची एक तुकडी त्यांच्या हाती होती. तिच्यात पायी निघालेले साधे यात्रेकरूच फार. वाटेत तुर्कांनी गाठलं आणि बहुतेक सगळे गेले. महाराज वाचले, जेरुसलेम पाहून घरी आले. पुढे सम्राट पुतण्याच्या पराक्रमाचा इतिहास लिहिला, पण आपल्या मागून आलेल्या त्या माणसांचं जवळजवळ काही नाही. दुःखाचं लिहायचं नाही म्हणाले आणि मोकळे झाले. मी याला संयम म्हणत होतो. आता वाटतं, भ्याले असतील.

तुम्ही लिहिलंत, स्वेटर विणायला उशीर झाला, वेळेत पोचता तर सुधीरला न्यूमोनिया झाला नसता. सासूबाईही तसं बोलून दाखवतात, म्हणून तुम्ही सुया माळ्यावर टाकल्यात. हे वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

वहिनी, न्यूमोनिया नव्हता. मृत्यूचा दाखला जर्मनमध्ये होता. त्याचं मराठी मी केलं आणि तो शब्द मीच घातला.

त्याला नुसती सर्दी होती. रविवारी दुपारी मी लोखंडी बादलीत कोळसे फुलवले, वर ओवा टाकला आणि आपल्याकडे बाळंतिणीला देतात तशी धुरी त्याच्या खाटेखाली ठेवली. वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलं. घरमालकीण जिन्यातून ओरडली, "हेर श्रीरंग, धूर कसला? खिडकी उघडा." मी "हो, हो" म्हटलं. सुधीर म्हणाला, "डोकं जड झालंय रे, जरा फट ठेव."

"झोप मुकाट्यानं," मी म्हटलं. "यांना उठसूट खिडक्या उघडायचं वेडच आहे."

दार ओढून घेतलं आणि खालच्या स्वयंपाकघरात महाराजांची टिपणं काढत बसलो. संध्याकाळी वर गेलो तेव्हा तो गेलेला होता. आपल्याकडे कौलांतून, दारांतून वारा खेळतो. इथल्या खोल्या डब्यासारख्या बंद. कोळशाचा विषारी वायू कोंडला, असं डॉक्टर म्हणाले. एक्स-रे यंत्रांचं काम शिकायला इथे ये, मी आहे ना, असं त्याला मीच लिहिलं होतं. माझ्या शब्दावर आला तो.

मी भ्यालो, वहिनी. माझ्या भित्रेपणाचं खापर दोन महिने तुमच्या डोक्यावर फुटत राहिलं. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

स्वेटर शुक्रवारीच आला होता. पोच सुधीर रविवारी लिहिणार होता. बाह्या बोटभर लांब होत्या, त्या त्याने दुमडून घेतल्या होत्या. मी खिडकी बंद करत होतो तेव्हा तो त्याच्या अंगातच होता.

'आपला' लिहायचा हक्क राहिलेला नाही, म्हणून नुसता
श्रीरंग